आपल्या वस्तीत किती तापणार हे आधीच कसं ओळखायचं: नागपूरचं उदाहरण, सेन्सरपासून चुन्याच्या गच्चीपर्यंत

मे महिन्यात नागपुरात रोज संध्याकाळी एकच चर्चा, आज किती गेला पारा. तो आकडा येतो सोनेगावला विमानतळाजवळच्या वेधशाळेतून, मोकळ्या जागेत पांढऱ्या जाळीदार पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा. त्यात चूक काही नाही, तो तसाच मोजायचा असतो. पण महाल-इतवारीच्या गल्लीत किंवा कुठल्याही टिनाच्या वस्तीत रात्री अकरा वाजता घरात जे काही होतं ते त्या आकड्यात येत नाही, आणि माणूस आजारी पडतो तो बऱ्याचदा तिथेच, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री पण आराम मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन झेपत नाही. म्हणून हा लेख. शहराचा नाही, तर आपल्या वस्तीचा तीन-चार दिवस आधी अंदाज कसा बांधायचा आणि त्यावरून नक्की काय करायचं, हे मी एकेक पायरी करून सांगतो. इंजिनिअरिंगची पोरं, वस्तीत काम करणाऱ्या संस्था, मोहल्ल्याचे ग्रुप, कोणालाही जमेल असं आहे, फार खर्च नाही, पण एक अख्खा उन्हाळा नेटानं मोजमाप करायची तयारी पाहिजे.

आधी ठरवा, कशाचा अंदाज हवाय

बरेच जण थेट लॅपटॉप उघडतात आणि मॉडेल लावायला बसतात. थांबा. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या आधी बघा. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० पाहिजे आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्याच्या वर गेलं तर तीव्र लाट. नाहीतर थेट ४५ झालं की लाट आणि ४७ झालं की तीव्र. किनारपट्टीला ही सुरुवात ३७ पासून होते. आता नागपूरची मे महिन्यातली सरासरी कमालच ४२-४३ च्या घरात, म्हणजे सरासरीपेक्षा साडेचार वर जायचं तर ४७ गाठायला पाहिजे! त्यामुळे मे मध्ये आपल्याकडे तो फरकाचा निकष जवळपास लागूच होत नाही, ४५ चाच निकष चालतो, आणि ४४ वर आठवडाभर शहर भाजत राहिलं तरी कागदावर लाट नसते.

दुसरं म्हणजे रात्र. खात्याकडे उष्ण रात्रीचा निकष पण आहे, कमाल ४० च्या वर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त राहिलं तर उष्ण रात्र. बातम्यांत ते फार कमी येतं. माझं सांगणं एवढंच की तुमचं मॉडेल मुख्यतः रात्रीच्या किमान तापमानावर आणि संध्याकाळी सात ते रात्री बाराच्या तापमानावर बांधा, दुपारचा आकडा खातं देतंच आहे आणि चांगला देतंय.

तिसरं, दमटपणा. हे जरा सावकाश समजून घ्या. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते तो आकडा, येतो साधारण २४. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग यायला लागले, पारा ३८ वर उतरला, सगळे म्हणतात सुटलो, पण आर्द्रता ४५ टक्के झाली की वेट बल्ब २८ होतो. कूलर कितीही मोठा असला तरी हवा वेट बल्बच्या खाली नेऊ शकत नाही, म्हणून त्या दिवसांत कूलर नुसता चिकचिक करतो आणि थंड काही होत नाही. मुंबईत ३६ अंश आणि ६५ टक्के असेल तर वेट बल्ब ३० च्या आसपास जातो, नागपूरच्या ४५ अंशांच्या दिवसाच्या वेट बल्बपेक्षा सहा अंश जास्त. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात १४ लोक गेले, तेव्हा पारा काही ४५ नव्हता. म्हणून तापमान आणि आर्द्रता दोन्ही धरल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्सेलमध्ये वेट बल्ब काढायला स्टल यांचं २०११ चं सूत्र आहे, त्यात फक्त हे दोनच आकडे लागतात.

डेटा गोळा करणं (इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या)

तीन ठिकाणांहून डेटा घ्यायचा. वेधशाळेचा, स्वतःच्या सेन्सरचा आणि उपग्रहाचा.

वेधशाळेचे रोजचे कमाल-किमान आकडे हवामान खात्याच्या साईटवर असतात, जुनी मालिका पुण्याच्या कार्यालयाकडे मागता येते, आणि १९५१ पासूनचा अक्षांश-रेखांशाच्या एक-एक अंशाच्या चौकटींचा तापमानाचा डेटा तर फुकट डाउनलोड होतो, पण ती चौकट शंभर किलोमीटरच्या वर, वस्तीसाठी तिचा उपयोग नाही, फक्त दीर्घकाळचा कल बघायला ठीक. तासा-तासाचा जुना डेटा हवा असेल तर इरा-५ लँड घ्या, म्हणजे जुन्या नोंदी आणि मॉडेल जुळवून बनवलेला युरोपचा डेटा, १९५० पासून आहे, चौकट साधारण ९ किलोमीटरची. मात्र त्यात शहर म्हणून वेगळं काही धरलेलंच नाही, सिमेंट, डांबर, दाटीवाटी काही नाही, त्यामुळे शहराची रात्र तो खऱ्यापेक्षा थंड दाखवण्याची शक्यता असते. हे माहीत असलं की चालतं, नाहीतर फसाल.

आता स्वतःचे सेन्सर. ईएसपी-३२ चा बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणक) आणि तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, डीएचटी-२२ किंवा बीएमई-२८०, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतात. आठ-दहा नग घ्या. सगळ्यात आधी ते सगळे एकाच खोलीत एकमेकांच्या शेजारी तीन दिवस ठेवा आणि कोण किती वर-खाली दाखवतो ते लिहून ठेवा, नंतर तेवढं वजा करायचं. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग दोन गल्ल्यांत एक अंशाचा फरक सापडला म्हणून खूश होतात, तो फरक सेन्सरचाच असतो.

बसवताना जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, थेट ऊन लागणार नाही अशा जागी, आणि वरून पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक फट ठेवून रचलेलं कवच. भिंतीला चिकटवू नका, भिंत रात्रभर उष्णता सोडते. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि कूलरपासून लांब. आमचा एक सेन्सर पहिल्या वर्षी अशाच एका एसीच्या झोतात लागला होता, पूर्ण मे महिन्याचा डेटा टाकून द्यावा लागला, त्याचं अजून वाईट वाटतं. निम्मे सेन्सर घराबाहेर लावा आणि निम्मे घरात, टिनाखाली, स्लॅबखाली, कवेलूखाली. एक तरी सेमिनरी हिल्ससारख्या झाडीच्या भागात लावा आणि शक्य असेल तर एक सोनेगावच्या जवळपास, म्हणजे वेधशाळेशी ताडून बघता येतं.

कुठलाही आकडा आला की लगेच विश्वास ठेवायचा नाही. मे २०२४ आठवतोय ना, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्यानं सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले, तिथला सेन्सर पण साधारण ३ अंश जास्त दाखवत होता असं तपासणीत निघालं. सोनेगावचा अधिकृत विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९. म्हणजे तुमचा सावलीतला सेन्सर ५१ दाखवत असेल तर आधी जाऊन कवच बघा. साधे नियम लावून टाका: एका तासात अचानक सहा-सात अंशांची उडी, सलग पाच-सहा तास अगदी तोच आकडा, किंवा शेजारच्या सेन्सरपेक्षा पाच अंश फरक, असं काही दिसलं की ती नोंद बाजूला काढायची आणि डोळ्यांनी बघायची.

उपग्रहाचा नकाशा, आणि त्यात नवीन माणूस कुठे चुकतो

गुगल अर्थ इंजिन, म्हणजे उपग्रहाची चित्रं ऑनलाइन तपासायची सोय, अव्यावसायिक कामाला फुकट आहे. त्यात लँडसॅट ८ आणि ९ चा दुसऱ्या कलेक्शनचा, दुसऱ्या लेव्हलचा डेटा घ्या. प्रत्येक उपग्रह १६ दिवसांनी येतो, दोन्ही मिळून ८ दिवसांनी. दहाव्या थर्मल बँडच्या आकड्याला ०.००३४१८०२ नं गुणायचं, १४९ मिळवायचे, म्हणजे केल्विन येतात, त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. ढग आणि ढगांच्या सावल्या आधी काढून टाका. एका दिवसाचं चित्र कधी वापरू नका, चार-पाच वर्षांच्या एप्रिल-मे मधल्या सगळ्या स्वच्छ चित्रांचा मध्यक घ्या. चित्र ३० मीटरच्या ठिपक्यांचं दिसतं पण थर्मल सेन्सरची खरी नजर १०० मीटरची आहे, म्हणजे एकेका घराचा निष्कर्ष त्यातून काढू नका.

आता खरी गोम. हा नकाशा तुम्ही मे मध्ये काढला की शहर थंड आणि शहराबाहेरची शेतं लालभडक दिसतील! पहिल्यांदा बघणारा म्हणतो की मग शहरात उष्णता आहे कुठे. कारण असं की उन्हाळ्यात शेत नांगरून मोकळं पडलेलं असतं, काळी कोरडी माती सकाळी साडेदहालाच प्रचंड तापते आणि उपग्रह नेमका त्याच वेळेला वरून जातो. शहरात निदान थोडी झाडं आणि इमारतींच्या सावल्या असतात. पण सूर्य बुडाला की कोरडी माती भराभर गार होते आणि सिमेंट-विटा-डांबर दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर टाकत राहतात. शहराचं तापणं खरं दिसतं ते रात्री. त्यासाठी नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाचा रात्रीचा डेटा घ्या, साडेदहा आणि दीडच्या सुमाराचा, ठिपका एक किलोमीटरचा असला तरी चालेल, किंवा अवकाश स्थानकावरच्या इकोस्ट्रेस या उपकरणाचा, तो ७० मीटरचा आहे आणि वेगवेगळ्या वेळी जातो, फक्त नागपूरवरची रात्रीची चित्रं शोधत बसावी लागतात.

आणखी एक, उपग्रह मोजतो तो पत्र्याचा, रस्त्याचा, मातीचा ताप, हवेचा नाही. दोन्हीत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो. म्हणून उपग्रहाचा आकडा "आमच्या वस्तीत ५५ अंश" असा बोर्डावर लावू नका, लोक घाबरतात आणि नंतर विश्वास पण ठेवत नाहीत.

त्यासोबत सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांमधून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ किती आहे ते १० मीटरच्या बारकाईनं, आणि २०११ च्या जनगणनेच्या घरयादीतून वॉर्डनिहाय छपराचं सामान. जनगणना जुनी झालीय खरी, म्हणून चार पोरं घेऊन वस्तीत फिरा आणि टिन, स्लॅब, कवेलू अशी घरं मोजा, दोन रविवारांचं काम आहे आणि ह्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला डेटा आमच्यासाठी तोच होता.

अंदाजाचं मॉडेल

हवामान खात्याचं मुख्य मॉडेल बरीच वर्षं १२ किलोमीटरच्या चौकटीवर चालत होतं, मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बांधलेलं भारत फोरकास्ट सिस्टिम आलं, ते ६ किलोमीटरचं. नागपूर महापालिकेचं क्षेत्र सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आधी अख्खं शहर जेमतेम दीड-दोन चौकटींत बसायचं, आता सहा-सात चौकटी होतात. मोठी सुधारणा आहे. तरी पण सेमिनरी हिल्सची झाडी आणि टिनाची वस्ती एकाच चौकटीत येऊ शकते, ते वेगळं करायचं काम आपलं.

पद्धत अशी. रोज सकाळी पुढच्या पाच दिवसांचा तासा-तासाचा अंदाज उतरवून घ्या, ओपन-मीटिओ या साईटवरून फुकट आणि नोंदणीशिवाय मिळतो. तापमान, आर्द्रता, वारा, ढग. आणि हे रोज साठवून ठेवा, कारण नंतर "तेव्हा अंदाज काय होता" हे हवं असतं, नुसतं काय झालं ते पुरत नाही. मग प्रत्येक सेन्सरसाठी अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा फरक काढा. समजा रात्रीचा अंदाज २८ चा होता आणि वस्तीतल्या सेन्सरनं ३१ दाखवले, फरक ३. मागच्या पंधरा दिवसांच्या फरकाची सरासरी उद्याच्या अंदाजात मिळवली की पहिलं मॉडेल तयार, इतकं साधं. यावर हसू नका, पुष्कळदा भारी भारी मॉडेलना यालाच हरवणं जमत नाही.

पुढची सुधारणा म्हणजे फरक एकच धरायचा नाही. आकाश मोकळं आणि वारा पडलेला असेल त्या रात्री वस्ती आणि मोकळा भाग यातला फरक मोठा असतो, वारा सुटला किंवा ढग आले की तो कमी होतो. म्हणून रात्रींचे दोन-तीन गट करा आणि प्रत्येक गटाचा वेगळा फरक काढा. हे जमलं की मगच रिग्रेशन, म्हणजे कशाचा किती परिणाम होतो ते डेटातून काढणारं समीकरण. त्यात घ्यायचं: कालचं किमान, अंदाजाचं किमान, वाऱ्याचा वेग, ढग, आर्द्रता, त्या जागेचं एनडीव्हीआय आणि टिनाच्या घरांचं प्रमाण. रँडम फॉरेस्ट (जुन्या उदाहरणांवरून शिकणारी मशीन लर्निंगची पद्धत) लावायचा मोह होईल, लावा, पण लक्षात ठेवा की त्यानं शिकताना जे सगळ्यात मोठं तापमान बघितलंय त्याच्या वर तो कधीच जात नाही, आणि आपल्याला नेमके तेच विक्रमी दिवस हवे असतात. म्हणून रिग्रेशनचा अंदाज सोबत ठेवा आणि दोन्हींत जास्त असेल तो सावधगिरीसाठी घ्या.

तपासताना दिवस पत्त्यांसारखे पिसू नका. आज आणि उद्या जवळपास सारखेच असतात, पिसले की मॉडेल उत्तर चोरून बघतं आणि निकाल खोटा चांगला येतो. पहिल्या उन्हाळ्यावर शिकवा, दुसऱ्यावर तपासा. एकच उन्हाळा असेल तर एप्रिलवर शिकवून मे वर. आणि "उद्या आजच्यासारखंच" या अंदाजाशी तुलना कराच, त्याच्यापेक्षा चांगलं येत नसेल तर मॉडेल वापरात आणू नका. सरासरी चुकीसोबत हे पण मोजा की धोक्याच्या किती रात्री आधी सांगितल्या आणि किती निसटल्या. वस्तीच्या दृष्टीनं निसटलेली रात्र जास्त महाग.

डब्ल्यूआरएफसारखं पूर्ण हवामान मॉडेल शहरी थरासकट चालवायचं असेल तर कॉलेजचं क्लस्टर आणि सहा महिने पाहिजेत, वस्तीच्या कामाला गरज नाही. त्यापेक्षा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं यूएमईपी हे शहरी हवामानाचं जोडसाधन शिका, फुकट आहे. त्यातलं सोलवेग गल्लीतल्या सावलीचा हिशोब करतं, दुपारी दोनला बसस्टॉपवर अंगावर किती उष्णता पडते, झाड लावलं किंवा शेड टाकली तर किती कमी होईल, हे काम सुरू करायच्या आधीच दिसतं.

अंदाज आला, आता काय

अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त मृत्यू बघितले आणि २०१३ मध्ये स्वतःचा उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियात पहिला. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे आकड्याला काम बांधलेलं आहे, कितीच्या वर गेलं की कोण काय करणार ते आधीच ठरलेलं. नागपुरातही आराखडा झाला. वस्तीपुरता तसाच एक कागद करा.

उंबरठा स्वतःच्या डेटातून काढा, उन्हाळ्यातल्या सगळ्या रात्रींपैकी सगळ्यात गरम दहा टक्के रात्री कुठून सुरू होतात तो आकडा पिवळा आणि सगळ्यात गरम पाच टक्के सुरू होतात तो लाल. सलग दोन रात्री पिवळ्याच्या वर जाणार असं दिसलं तरी लाल धरा. मग नावं घालून कामं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सकाळी आणि रात्री कोण जाणार, आशाताईंना कोण फोन करणार, समाज मंदिर किंवा शाळेची खोली रात्री कोण उघडणार, चावी कोणाकडे, पाण्याचा टँकर किती वाजता. बांधकामावर जाणाऱ्या लोकांना आदल्या संध्याकाळी निरोप जायला पाहिजे, सकाळी गेला तर ते निघून गेलेले असतात. निरोप साधा लिहा, "उद्या आणि परवा रात्री घरात खूप उकडेल, आजी-आजोबांना गच्चीवर किंवा शाळेत झोपवा, कोणी बडबडायला लागलं, घाम थांबला, अंग तापलं तर अंगावर पाणी टाका आणि १०८ ला फोन करा." नकाशे आणि टक्केवारी त्यात नको. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधी, म्हणजे २५ मे च्या आत, एकदा रंगीत तालीम करून बघा.

उष्णता कमी करणं

इथे तुमचा नकाशा आणि छपरांची मोजणी कामाला येते. सगळीकडे थोडं थोडं करू नका. जिथे टिन जास्त, रात्र जास्त गरम आणि म्हातारी किंवा लहान मुलं जास्त, ती पन्नास घरं आधी.

पांढरं छप्पर सगळ्यात स्वस्त आणि लगेच लागू पडणारं. स्लॅबवर चुना, त्यात पांढरं सिमेंट आणि चिकटायला फेविकॉल, दोन हात. टिनावर चुना टिकत नाही, पावसात धुऊन जातो, तिथे परावर्तक पेंटच लागतो. मार्चमध्ये करा, आणि धूळ बसली की परिणाम उतरतो म्हणून एप्रिल-मे मध्ये दोनदा तरी झाडून धुवा. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं, महापालिकेकडे मागणी करताना ते उदाहरण द्या. टिनाखाली जुने फ्लेक्स किंवा बांबूची चटई लावून मध्ये चार बोटं हवा ठेवली तरी वरून येणारी धग कमी होते, मात्र चुलीच्या वर लावू नका, आग लागते.

झाडं जून-जुलैमध्ये लावायची, कडुलिंब, करंज, पिंपळ, आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे लावायच्या आधी ठरवायचं. बुंध्याभोवती एक मीटर तरी सिमेंट नको. झाडाची सावली मिळायला चार-पाच वर्षं जातात, तोपर्यंत बसस्टॉप, पाण्याचा नळ, भाजीचा ठेला अशा जिथे लोक उभेच राहतात तिथे हिरवी जाळी बांधा, जागा सोलवेगनं दाखवलेली.

फरक पडला का, हे मोजणं

पन्नास घरं रंगवणार असाल तर त्यातल्या दहा घरांत आधीच सेन्सर ठेवा आणि न रंगवलेल्या तशाच दहा घरांत पण ठेवा. रंगवायच्या आधी दोन आठवडे, नंतर दोन आठवडे. नुसतं आधी-नंतर बघितलं तर मार्च ते एप्रिल तापमान वाढतंच, त्यामुळे रंगवलेलं घर पण "तापलेलं" दिसेल. न रंगवलेली घरं किती वाढली आणि रंगवलेली किती, या दोन वाढींतला फरक म्हणजे तुमच्या कामाचा परिणाम. न रंगवलेल्या दहा घरांना पुढच्या वर्षी पहिल्यांदा रंग मिळेल हे त्यांना आधीच सांगा आणि पाळा, ते लोक तुमच्यासाठी एक उन्हाळा जास्त सोसतायत.

दुपारचा आणि रात्रीचा परिणाम वेगळा लिहा. टिन दुपारी भयंकर तापतं पण रात्री लवकर निवतं, जाड स्लॅब दुपारी जरा बरा आणि रात्री बारापर्यंत भट्टी. दोघांची सरासरी काढली तर दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सगळे सेन्सर उतरवा, परत तीन दिवस एका खोलीत शेजारी शेजारी ठेवून किती सरकलेत ते तपासा, जो अर्ध्या अंशापेक्षा जास्त सरकला असेल तो बदला, आणि प्रत्येकावर घराचा नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून डब्यात ठेवा, फेब्रुवारीत परत लागतील.